तोडीनंतरचा पालापाचोळा जाळू नका

निलगिरी, साग, अकेशिया यांची जुनी लागवड तोडून त्याच जमिनीत पुन्हा झाडं लावली की दुसऱ्या फेरीत वाढ मंदावलेली बऱ्याचदा दिसते. लाकूड तर बाहेर जातंच, पण खरा तोटा होतो तो उरलेला पाला आणि फांद्या पेटवल्यामुळे. त्यातला बहुतेक नत्र धुराबरोबर उडून जातो आणि राख पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते.

१. ओंडक्यांची साल शेतातच सोला. निलगिरीच्या सालीत कॅल्शियम भरपूर असतं. ती ट्रकमध्ये भरून पाठवणं म्हणजे हाताशी असलेलं खत फुकट देऊन टाकणं!

२. फांद्या हातभर लांबीच्या तोडा आणि पाल्यासकट जुन्या खुंटांच्या ओळींवर पसरा. ढीग करू नका. ढिगाखालीच कस साचतो आणि बाकीची जमीन उपाशी राहते.

३. नवी रोपं दोन जुन्या ओळींच्या मधोमध लावा. सगळी जमीन नांगरू नका, फक्त रोपाची ओळ मोकळी करा. उतार असेल तर ही ओळ उताराला आडवी हवी.

४. लाकडाच्या काटक्या आणि भुसा कुजताना सुरुवातीला मातीतला नत्र ओढून घेतात. पानं पिवळी पडली तर थोडं नत्रखत रोपाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर मातीत मिसळून द्या.

मात्र पालापाचोळा रोपाच्या खोडाला टेकू देऊ नका, वाळवी लागते. शिवाय कोरड्या दिवसांत आग पसरू नये म्हणून लागवडीभोवतीचा पट्टा पूर्ण साफ ठेवा.