हॅवलॉकला खोली घेण्याआधी ओहोटी बघा

अंदमानला मी तीनदा जाऊन आले. २०१७ च्या जानेवारीत नवऱ्याबरोबर, २०२२ च्या नोव्हेंबरात सासू-सासऱ्यांना घेऊन आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये बहीण आणि तिच्या दोन मुलांबरोबर. आता बँकेत कुणाचं अंदमानचं ठरलं की पहिला फोन मला येतो, आणि प्रश्न एकच: हॉटेल कुठलं घेऊ? मी हॉटेलचं नाव सांगत नाही. आधी विचारते, बरोबर कोण आहे, तारखा कुठल्या आणि पाण्यात उतरायचंय की नुसतं बघत बसायचंय. एवढं कळलं की किनारा ठरतो. किनारा ठरला की हॉटेल शोधणं अर्ध्या तासाचं काम.

पहिल्या वेळी मी हे उलटं केलं. फोटो बघून खोली घेतली, अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या पूर्वेला, विजयनगरला. (२०१८ पासून सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, पण जेट्टीवर, रिक्षात, तिकिटाच्या रांगेत सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात.) फोटोत पायरीपासून दहा पावलांवर हिरवंनिळं पाणी होतं आणि त्यावर झुकलेलं समुद्री महुव्याचं मोठं झाड. आम्ही पोचलो दुपारी साडेतीनला. झाड होतं, पाणी नव्हतं. पाणी कुठे आहे हे बघायला डोळ्यांवर हात धरावा लागला, इतकं ते आत गेलं होतं. मधल्या सगळ्या पट्ट्यात खडपं, म्हणजे ओबडधोबड खडक, मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे, गुडघाभर पाण्याची डबकी आणि डबक्यांच्या तळाशी पडलेल्या काळ्या समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव). नवरा चपला हातात घेऊन निघाला आणि वीस पावलांत टाच कापून परत आला. प्रवाळाने झालेली जखम लवकर भरत नाही, चिघळते. पुढचे चार दिवस त्याने काठावर बसून काढले.

मी गुहागरची. आमच्या घराच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की समुद्र. पुळण (म्हणजे वाळूचा किनारा) कशाला म्हणतात आणि खडप कशाला, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. तरी त्या फोटोत मला खडप दिसलं नाही, कारण हॉटेलवाले फोटो काढतात भरतीला. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: ज्या खोलीच्या जाहिरातीत समुद्र दिसतो, तिचा ओहोटीचा फोटो मागा.

हॅवलॉकपुरतं बोलायचं तर बेटाला राहण्याजोग्या दोन बाजू आहेत. पूर्वेची बाजू म्हणजे जेट्टीपासून सुरू होऊन गोविंदनगर, विजयनगर आणि पुढे कालापत्थरकडे जाणारा रस्ता. तिथले लोक किनाऱ्यांना आकड्यांनी ओळखतात, गोविंदनगर तीन नंबर, विजयनगर पाच नंबर. पश्चिमेला राधानगर, म्हणजे सात नंबर, जेट्टीपासून बारा किलोमीटर. पूर्वेचा किनारा मुख्यतः खडपाचा आणि उथळ. राधानगर अस्सल पुळणीचा, मऊ पांढरी वाळू, पायाखाली दगड नाही, ओहोटीलाही पोहता येतं. 'टाइम' मासिकाने २००४ साली आशियातला सर्वांत सुंदर किनारा म्हणून त्याची निवड केली होती आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं. तिथे उभं राहिलं की यात काही वाढवून सांगितलंय असं वाटत नाही.

मग सगळ्यांनी राधानगरलाच का राहू नये? तिथे राहण्याच्या जागा मोजक्या आणि बहुतेक महाग. बाजार, औषधाचं दुकान, खानावळी, स्कूबावाले हे सगळं पूर्वेला. आणि अंदमानात दिवस फार लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्यापासून कितीतरी पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाच वाजता सूर्य टेकतो आणि साडेपाचला चक्क अंधार होतो. राधानगरला अंधार पडायच्या सुमारास रक्षक शिट्ट्या मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. त्यानंतरची सगळी संध्याकाळ तुम्ही आणि तुमचं रिसॉर्ट. नव्या जोडप्याला ते आवडेल. दहा वर्षांची दोन मुलं बरोबर असली तर जेवणासाठी चार दुकानं असलेला रस्ता हवा.

माझं मत असं: पाण्यात डुंबणं हेच सुट्टीचं मुख्य कारण असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर राधानगर. स्कूबा करायचं असेल तर गोविंदनगर किंवा विजयनगर, कारण सकाळी सहा-साडेसहाला केंद्रावर हजर व्हावं लागतं आणि बारा किलोमीटरवरून त्या वेळी रिक्षा मिळवणं जिकिरीचं. घरचे सगळे मिळून चालले असतील तरीही गोविंदनगर, आणि रोज दुपारी अडीच-तीनला रिक्षा ठरवून राधानगर. रिक्षावाल्याला परतीसकट ठरवा. सूर्यास्तानंतर एकदम शंभर माणसं रस्त्यावर येतात आणि रिक्षा मोजक्या असतात.

पूर्वेला राहायचं ठरलं तर तारखा बघा, म्हणजे तिथी बघा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. आमची २०१७ ची फजिती पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची होती. माझे बाबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा. हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, तो अंदमानात नेऊ नका. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, तुमच्या तारखा घालून बघा. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दोन तास विजयनगरचं पाणी फार सुरेख असतं, काचेसारखं. २०२४ ला मी मुद्दाम अष्टमीच्या तारखा धरल्या. मुलं दुपारी तीनपासून पाण्यात होती, आणि सकाळी पाणी आत गेलेलं असताना जाड तळाचे बूट घालून डबक्यांतले मासे आणि खेकडे बघत फिरली. धाकट्याने एका डबक्यापाशी पाऊण तास काढला. म्हणजे खडप वाईट नाही. ते खडप आहे हे माहीत असायला हवं, आणि बूट हवेत.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी नीलला जास्त दिवस द्यायला सांगते. नील म्हणजे शहीद द्वीप, हॅवलॉकहून लहान, सपाट आणि शांत. अंदमानची भाजी बरीचशी इथे पिकते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना या दोन्ही बेटांवर जमिनी दिल्या गेल्या, त्यामुळे घरगुती जेवणात वरण, माशाचं कालवण, ताजी पालेभाजी असं बंगाली वळणाचं ताट मिळतं. माझ्या शाकाहारी सासूबाई हॅवलॉकपेक्षा नीलला पोटभर जेवल्या. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच आहे, लक्ष्मणपूरहून सूर्यास्त दिसतो, सीतापूरहून सूर्योदय, आणि यातलं काहीही दूर नाही. त्यामुळे नीलला जागा चुकली तरी फारसं बिघडत नाही. तिथला नैसर्गिक पूल बघायचा तर मात्र ओहोटीच लागते, आणि वाट निसरड्या खडपावरून. सासरे अर्ध्यातून परत फिरले ते शहाणपणाचं झालं.

पण त्यांच्यासाठी खोली घेताना मी किनाऱ्याच्या नादात दुसरी चूक केली. हॅवलॉकला लाकडी खांबांवर उभारलेली झोपडी घेतली, सुंदर होती. वर जायला आठ पायऱ्या, त्याही उंच, आणि कठडा एकाच बाजूला. त्याहून वाईट म्हणजे रस्त्यापासून झोपडीपर्यंतची वाट वाळूची होती. बॅगेची चाकं वाळूत फिरत नाहीत हे चालून जातं, पोरं उचलून नेतात. पण सासूबाईंची काठी दर पावलाला चार बोटं रुतायची, त्या उपसून काढायच्या, पुन्हा टेकायच्या. जेवणघरापर्यंत जाऊन येणं म्हणजे रोज तीनदा ही कसरत. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला भूक नाही, तुम्ही जाऊन या." मला फार लागलं ते. त्याच संध्याकाळी आम्ही रस्त्याकडेच्या एका साध्या गेस्ट हाउसमध्ये हललो. तिथून समुद्र दिसत नव्हता. फरशी होती, दोनच पायऱ्या होत्या, आणि सासूबाई तिन्ही वेळा जेवायला आल्या.

पहिली आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला. शेवटच्या रात्रीबद्दल माझा आग्रह आहे. बेटावरून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत बऱ्याच पॅकेजमध्ये असतो. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, आणि तिथे नोव्हेंबर-डिसेंबरातही वादळं येतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि नौदलाची जहाजं त्यांना आणायला गेली. आम्ही त्यानंतर साधारण महिन्याने तिथे होतो, जेट्टीवर लोक त्याच्याच गोष्टी सांगत होते. शिवाय स्कूबानंतर साधारण अठरा ते चोवीस तास विमानात बसायचं नसतं, तोही वेळ या रात्रीत भरून निघतो.

शहरात राहायचं तर ॲबर्डीन बाजाराच्या बाजूला राहा. कॉर्बिन्स कोव्ह समुद्राकाठी आहे म्हणून लोक तिकडे जातात, पण पुढे हॅवलॉक बघायचं असताना त्यासाठी शहराबाहेर राहण्यात अर्थ नाही. ॲबर्डीनहून सेल्युलर जेल चालत जाण्याएवढं जवळ आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तिथे घाईने जायचं नसतं. आम्ही दिवसा गेलो आणि संध्याकाळी प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला पुन्हा गेलो. सात इमारतींपैकी तीनच आता उरल्या आहेत. १९११ साली सावरकरांना आणलं, त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला. सासरे गुडघे धरत वर चढले, कोठडीत भिंतीला हात लावून उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता कुठेतरी बसू या." हॉटेल दहा मिनिटांवर होतं. त्या दिवशी ते जवळ असण्याची किंमत कळली.

आता फोन. संकेतस्थळावरून पैसे भरण्याआधी जागेच्या मालकाशी बोलाच, सगळ्यांना हिंदी येतं. विचारायचं ते असं. ओहोटीला समोर पोहता येतं का, नसेल तर सगळ्यांत जवळ कुठे. रस्ता ते खोली वाट कशाची, पायऱ्या किती. वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा-दिवे, हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये विसरू नका. शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का. पहाटेच्या बोटीसाठी जेट्टीवर सोडायला गाडी आहे का. वादळामुळे बोटी बंद झाल्या तर पैशांचं काय. मोबाइलला रेंज कुणाची येते. वाळूला अगदी चिकटून असलेल्या खोल्यांना संध्याकाळी बारीक चिलटांचा त्रास असतो, चावली की आठवडाभर खाजतं, तेही विचारा. खरं सांगणारा माणूस इथेच ओळखू येतो.

२०२४ ला मी विजयनगरच्या तीन जणांना फोन केले आणि तिघांकडे एकच मागणी केली, आज ओहोटीच्या वेळचा व्हिडिओ पाठवा. एकाने जुना फोटो पाठवला, एकाने काहीच नाही. तिसऱ्याने दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पाठवला. अर्ध्या मिनिटाचा, हललेला. करड्या खडपावरून दोन कुत्री चालली होती आणि पाण्याची रेघ पार लांब. मागून त्याचा आवाज, "दीदी, अभी पानी नहीं है. तीन बजे के बाद बच्चों को लेके उतरना, जूता पहनके." मी त्याच रात्री चार दिवसांचे पैसे पाठवले.