परदेशात किनाऱ्यानं चालायला जाताय? तिथल्या चालणाऱ्यांचा सल्ला घेताना या चुका टाळा

मे महिन्यात कोकणात आलेला पाहुणा सड्यावर उभा राहून विचारतो, "किल्ला किती लांब आहे हो?" आपण सांगतो, "हे काय, इथंच." आपण खोटं बोलत नाही, आपल्या पायांना ते इथंच असतं. पाहुणा मात्र दीड तासानं पोचतो, तोवर बाटलीतलं पाणी संपलेलं असतं. परदेशात चालायला जाताना जागांची अदलाबदल होते. आता पाहुणे आपण, आणि "इथंच" म्हणणारा माणूस तिकडचा. त्याचा सल्ला सोन्यासारखा असतो, पण तो त्याच्या पायांनी मोजलेला असतो. तो आपल्या पायांच्या मापानं मागून घ्यावा लागतो आणि बहुतेक बेत तिथंच फसतात.

उदाहरणाला इंग्लंडचा साउथ वेस्ट कोस्ट पाथ घेऊ. खाड्या, होड्या, कातळ, छोटी बंदरं, कड्यावरची वाट असं सगळं तिथं असल्यामुळे कोकणातल्या माणसाला ही वाट फार जवळची वाटेल असं माझं मत आहे. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत ती 630 मैल, म्हणजे सुमारे 1,014 किलोमीटर जाते. एका रजेत सगळी होत नाही. लोक आठवडाभराचा एखादा तुकडा निवडतात.

सर्वांत उंच ठिकाण बघून वाट सोपी ठरवणे

या वाटेवरचं सर्वांत उंच ठिकाण ग्रेट हँगमन, फक्त 318 मीटर. कळसूबाई 1,646 मीटर चढून आलेला माणूस हा आकडा बघून निर्धास्त होतो. पण पूर्ण वाटेची एकूण चढण 35,000 मीटरच्या घरात जाते, कारण प्रत्येक व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, खाली उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. हार्टलँड की ते ब्यूड हा सुमारे 25 किलोमीटरचा टप्पा तर अशा दऱ्यांनीच भरलेला आहे. म्हणून विचारायचं ते दिवसाची एकूण चढण किती. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये घालून दिलेला हिशोब तिकडे आजही वापरतात: तासाला 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढणीला एक तास जास्त. 20 किलोमीटर आणि 1,000 मीटर चढण असेल तर साधारण पाच तास चाळीस मिनिटं. विश्रांती, जेवण, फोटो यात धरलेलं नाही. पाठीवर ओझं असेल तर मी त्यात निदान तीसेक टक्के वाढवायला सांगेन.

आणखी एक, तिकडची मंडळी अजून मैलांत आणि फुटांत बोलतात. "दहाच आहे" हे ऐकून आपण दहा किलोमीटर धरतो, निघतात सोळा.

"वाट कशी आहे?" एवढंच विचारणे

या प्रश्नाला जगात कुठेही "छान आहे" असंच उत्तर मिळतं. आपण कोण, किती चालतो, हे समोरच्याला माहीत नसेल तर तो बिचारा दुसरं काय सांगणार? आधी स्वतःचं माप द्या. "आम्ही नवखे आहोत" किंवा "आम्हाला सवय आहे" यातून काहीच कळत नाही. असं लिहा: "आम्ही चौघं, वय चाळीस ते साठ. रसाळगड, सुमारगड, महिपतगड असा ट्रेक मुक्कामाचं सामान घेऊन केला आहे. दमट उन्हात सहा तास चालतो, थंडीत चालायची सवय नाही. एकाचा गुडघा उतारावर दुखतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस आहेत."

मग नेमकं विचारा. तुम्ही शेवटचं कधी चाललात? सकाळी किती वाजता निघून किती वाजता पोचलात? पाठीवर काय होतं? माणसं मध्येच परत फिरतात ती कुठल्या जागेवरून? पाऊस झाला तर कुठला भाग टाळता? परत फिरण्याच्या जागेचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथली माणसं अडचण सांगताना ती कमी करून सांगतात. त्या एका उत्तरात वाटेची खरी अवघड जागा सापडते.

दोघांनी उलटसुलट सांगितलं तर मधला आकडा धरू नका. फरक का पडला ते शोधा. एक जण रिकाम्या पाठीनं गेलेला असतो, दुसरा सामान घेऊन. एक मेमध्ये, दुसरा नोव्हेंबरच्या वाऱ्यात.

आपल्या भरतीचं गणित तिकडे लावणे

आपल्याला जे येतं, नेमकं तेच इथं दगा देऊ शकतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो हे किनाऱ्यावरच्या घराघरात ठाऊक असतं. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या. पण हे गणित आपल्या किनाऱ्याचं आहे. डेव्हनमध्ये प्लिमथजवळ उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास येते. म्हणजे अमावास्येच्या दुपारी रत्नागिरीत पाणी चढलेलं असतं आणि तिकडे सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी.

याचा थेट संबंध चालण्याशी येतो. प्लिमथच्या पूर्वेला अर्म नदीच्या मुखाशी वाटेवर पूलही नाही आणि होडीही नाही. ओहोटीच्या आधी एक तास ते नंतर एक तास, एवढ्याच वेळात पाण्यात उतरून पलीकडे जाता येतं. हा टप्पा उधाणाच्या दिवसांत ठेवला तर सुकती दुपारी सापडते आणि पाणीही जास्त खाली गेलेलं असतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, सुकती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी येते आणि सगळा दिवस विस्कटतो. म्हणून तारखा ठरवताना कॅलेंडरवरची अमावास्या-पौर्णिमा जरूर बघा. नेमकी वेळ मात्र तिथल्याच भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या.

तक्त्यातही एक खोच आहे. बरेच तक्ते ग्रीनिच वेळेत असतात, आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात. तो तास मिळवला नाही तर दोन तासांच्या सवडीतला अर्धा वेळ हातचा जातो.

अर्म ओलांडून पूर्वेला काही तास चाललं की ॲव्हन नदी लागते. तिथे होडी आहे, पण ती हंगामातच आणि दिवसातले ठरावीक तास चालते. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीसारखी दिवसभर ये-जा तिथं धरू नका. नकाशावर हे दोन मुद्दे वेगवेगळे दिसतात, चालताना ते एकमेकांत अडकलेले असतात. तिथल्या माणसाला सरळ विचारा: अर्म उतरल्यावर त्याच दिवशी ॲव्हनची होडी मिळते का, की तुम्ही मध्ये मुक्काम करता?

उत्तरेकडच्या, ब्रिस्टल चॅनलच्या बाजूला जास्तच सावध राहा. चॅनलच्या आतल्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरपर्यंत जातो. आपल्याकडे मुंबईला मोठ्या उधाणालाही तो पाचेक मीटर असतो. "खालून वाळूनं गेलात तर जवळ पडेल" हा सल्ला त्या माणसाच्या त्या दिवसापुरता, त्या तासापुरता खरा असतो. पुढच्या टोकाशी पाणी कड्याला भिडलं तर मागेही जाता येत नाही.

जुना सल्ला ताजा समजणे

तिकडचे कडे ढासळतात, वाट आत सरकवली जाते. वीस वर्षं चाललेला माणूस कुठे बसून जेवावं हे अचूक सांगेल, पण गेल्या हिवाळ्यात कुठे दरड आली ते त्याला माहीत असेलच असं नाही. या वाटेची स्वतंत्र असोसिएशन 1973 पासून आहे. वळवलेल्या आणि बंद भागांची माहिती त्यांच्या वेबसाइटवर मिळते. निघायच्या आदल्या आठवड्यात ती बघाच. डॉर्सेटमध्ये लुलवर्थजवळ लष्कराचा गोळीबाराचा पट्टा आहे. तिथली वाट बहुतेक शनिवार-रविवारी उघडी असते आणि एरवी बऱ्याचदा बंद. तुमचा बुधवार तिथे पडत असेल तर बेत आताच बदला.

पावसाची सवय आहे म्हणून कपड्यांकडे दुर्लक्ष

आपला पाऊस कोमट असतो, भिजून चाललं तरी अंग गरम राहतं. तिकडे जूनमध्येही बारा-तेरा अंशांत आडवा पाऊस आणि समुद्रावरचं वारं एकत्र येतात. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो आणि माणूस कुडकुडत सुन्न होतो. पोंचो वाऱ्यात उडतो. पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, एवढ्यावर पैसे खर्च करा. बूट इथल्या जांभ्यावर महिनाभर वापरून मगच न्या.

कागद आणि मुक्काम

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा शेंगेनचा व्हिसा ब्रिटनला चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा प्रवासाआधी तीन महिन्यांच्या आतच मागता येतो, त्यामुळे तो हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच बुकिंगं घ्या. ऑगस्टमध्ये तिकडच्या शाळांना सुट्टी असते, खोल्या मिळत नाहीत. मे, जून किंवा सप्टेंबर बरा. वाटेत कुठेही तंबू टाकता येईल असं धरू नका. ती मोकळीक स्कॉटलंडमध्ये आहे, या किनाऱ्यावर जमीनमालकाची परवानगी लागते. विमा घ्याच: सुटका करणारी पथकं पैसे घेत नाहीत, पण परदेशी पाहुण्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं तर बिल येतं.

वाटेत अडलात तर

अर्मवर पोचेपर्यंत पाणी चढलं असेल तर कमरेएवढंच दिसतंय म्हणून उतरू नका. टॅक्सी बोलावून रस्त्यानं वळसा घाला किंवा पुढच्या ओहोटीची वाट बघा. खोल दऱ्यांत फोनला रेंज नसते, म्हणून टॅक्सीचा नंबर कागदावर आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवलेला हवा. दुखापत झाली तर 999 किंवा 112 लावा आणि किनाऱ्यावर असाल तर कोस्टगार्ड मागा. फोन लागत नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. आणि रोज सकाळी निघताना मुक्कामाच्या घरी सांगून जा की आज कुठल्या वाटेनं जातोय, संध्याकाळी किती वाजेपर्यंत पोचल्याचा निरोप येईल आणि तो आला नाही तर कोणाला कळवायचं.