बक कन्व्हर्टरची कॉईल घरीच गुंडाळायची असेल तर

ठिबकचं पाणी जोरात चालू असताना व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाइपला दणका बसतो, हे रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला सांगायला नको. इंडक्टरमधला, म्हणजे कॉईलमधला करंट पण असाच, एकदम वाढत नाही अन् एकदम थांबत पण नाही, जबरदस्तीने तोडला तर तिथेच मोठा व्होल्टेज उसळतो, म्हणून तर रिलेच्या कॉईलवर उलटा डायोड लावतात.

बक कन्व्हर्टर, म्हणजे जास्त डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट, याच गुणावर चालतो भो. मॉसफेट (भराभर चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू असतो तेव्हा कॉईल एनर्जी भरून घेते, बंद झाला की तीच एनर्जी डायोडमधून फिरून लोडला मिळते.

आता हिशोब बघा. शेतातल्या खोलीत सोलरची 24 व्होल्टची बॅटरी आहे अन् लाइट 12 व्होल्टचे, लोड 4 अँपिअर, फ्रिक्वेन्सी 100 किलोहर्ट्झ. करंटची वरखाली 30 टक्के, म्हणजे 1.2 अँपिअर चालते. एक फेरी 10 मायक्रोसेकंदांची, 24 चे 12 करायचे म्हणून मॉसफेट त्यातले निम्मे, 5 मायक्रोसेकंद चालू, तेवढा वेळ कॉईलवर 24 वजा 12, म्हणजे 12 व्होल्ट; 12 गुणिले 5 भागिले 1.2, आले 50 मायक्रोहेन्री, हा कॉईलचा इंडक्टन्स.

कोर, म्हणजे जिच्यावर तार गुंडाळायची ती रिंग, जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायच्या डब्यातून) काढा, पिवळी रिंग असते, एक बाजू पांढरी. पण आधी मोठा कपॅसिटर रिकामा झालाय का मीटरने बघाच, त्यात 300 व्होल्टच्या वर असू शकतात. 27 मिमीच्या रिंगवर (टी106-26) साधारण 23-24 वेढ्यांत 50 मायक्रोहेन्री येतात, पण करंट वाहायला लागला की इंडक्टन्स घटतो म्हणून मी 28 घेतो. तार 1 मिमीच्या आसपास, वेढे एकाच थरात, टोकांचं इनॅमल सँडपेपरने पूर्ण घासा नाहीतर सोल्डर धरतच नाही.

त्याच एसएमपीएसच्या फिल्टरमधली फेराइटची रिंग मात्र इथे अजिबात वापरू नका. मीटरवर मायक्रोहेन्री भरपूर दाखवते, पण रिंगमध्ये हवेची फट (गॅप) नसल्यामुळे थोड्याच करंटला सॅच्युरेट होते, म्हणजे चुंबकत्व अजून घेऊच शकत नाही, मग नुसती तार उरते अन् मॉसफेट उडतो. फेराइट गरम झालं की ही मर्यादा अजून खाली येते, अन् आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत डबा किती तापतो माहितीये.

पहिल्यांदा पॉवर देताना बॅटरीच्या तारेत सिरीजमध्ये ट्रकचा 24 व्होल्टचा बल्ब लावा. लोड नसताना तो क्षणभर चमकून विझला तर ठीक, फुल पेटून राहिला तर लगेच बंद करून जोडणी तपासा.