जन्मदर-मृत्युदराचं गणित कुठे फसतं? या चुका टाळा

बारावी भूगोलाच्या प्रकल्पवह्या तपासायला बसलो की एक तरी वही अशी निघते, की चहा बाजूलाच राहतो. यंदा करवीर तालुक्यातल्या एका पोरानं लिहिलं होतं : ‘आमचे गाव काही वर्षांत ओस पडेल.’ पुरावा म्हणून ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतले आकडे जोडलेले. मृत्यू जन्मांपेक्षा कितीतरी जास्त.

त्याला बोलावलं. “तुझा जन्म कुठला रं?”

“कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यातला, सर.”

“आणि बहिणीचा?”

“आजोळी. कागलला.”

चूक इथेच होती. जन्म किंवा मृत्यू जिथे घडतो, तिथेच नोंदला जातो. बाळंतपणं कोल्हापुरातल्या दवाखान्यांत नाहीतर माहेरी होतात आणि म्हातारी माणसं डोळे मिटतात ती बहुतेक आपल्या घरात. म्हणून गावची वही मृत्यूंनी भरते आणि शहराची जन्मांनी. शहराचे आकडे बघून ‘कोल्हापुरात जन्मदर वाढला’ म्हणणारेही याच खड्ड्यात पडतात. त्यावर उपाय सोपा आहे : अंगणवाडीताईंची किंवा आशाताईंची वही बघा. त्यात पोर कुठे जन्मलं याला महत्त्व नसतं, कुठल्या घरात वाढतंय याला असतं.

‘पोरं जास्त, म्हणून लोकसंख्या वाढली’

ही सगळ्यात मुरलेली चूक. 1911 ते 1921 या दशकात आपल्याकडे वर्षाला हजारी, म्हणजे दर हजार माणसांमागे, 48च्या आसपास जन्म होत होते, आजच्या दुपटीहून जास्त. तरी आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या 25.21 कोटींवरून 25.13 कोटींवर आली, कारण मृत्यूही जवळजवळ तेवढेच होते. त्यातच 1918चा इन्फ्लुएन्झा कोटीभराहून जास्त माणसं घेऊन गेला. आपल्या भागातल्या जुन्या घरांतून प्लेगच्या गोष्टी अजून ऐकू येतात : उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं.

पुढे 1951च्या सुमारास जन्मदर 40च्या घरात उतरला होता, पण मृत्युदर 27पर्यंत घसरला होता. लोकसंख्या 36.11 कोटी झाली. म्हणजे पोरं जास्त व्हायला लागली म्हणून देश वाढला नाही, झालेली पोरं जगायला लागली म्हणून वाढला. 1921नंतर लोकसंख्या सतत वाढतच गेली, त्या वर्षाला महाविभाजन वर्ष म्हणतात ते याचसाठी. उत्तरपत्रिकेत नुसता जन्मदर लिहून थांबू नका. दोन दरांमधलं अंतर काढा, देश त्या अंतरावर वाढतो.

हजारी आणि शेकडा यांची गल्लत

समजा जन्मदर 25, मृत्युदर 7, फरक 18. इथपर्यंत सगळे बरोबर असतात, मग लिहितात ‘वाढ 18 टक्के’. तसं असतं तर देश चार-साडेचार वर्षांत दुप्पट झाला असता! हे 18 हजारामागे आहेत, म्हणजे 1.8 टक्के. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे काढायचं तर 70ला टक्केवारीने भागा : साधारण 39 वर्षं.

शतकांचा हिशोब करताना ही गल्लत फारच महागात पडते. वर्षाला अर्धा टक्का वाढणारा देश 300 वर्षांत साडेचारपट होतो. 1.8 टक्क्यांनी वाढणारा दोनशेपटीहून जास्त होईल. तेवढं कुणी सलग वाढत नाही, म्हणून आजचा दर धरून सरळ रेघ मागे-पुढे ओढू नका. स्वीडनमध्ये 1749पासूनच्या नोंदी आहेत. त्यांत एरवी जन्म वरचढ दिसतात, आणि मधेच 1773सारखं वर्ष येतं : मृत्युदर हजारी 52च्या पुढे. त्या काळची वाढ अशी होती, दहा पावलं पुढे आणि एका दुष्काळात निम्मी मागे. मग आधी मृत्युदर उतरला, जन्मदर बऱ्याच उशिरा. मधल्या काळात अंतर रुंदावलं आणि 1750च्या सुमारास 18 लाखांच्या आतला तो देश 1900पर्यंत 51 लाखांवर गेला.

मृत्युदर कमी, म्हणजे आरोग्य चांगलं?

मग जपानचा मृत्युदर भारताच्या जवळपास दुप्पट कसा? केरळचा महाराष्ट्रापेक्षा जास्त कसा? तिथे आरोग्य वाईट नाही, म्हातारी माणसं जास्त आहेत. तुलना करण्याआधी वयोरचना बघा, किंवा सरळ बालमृत्युदर (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं) घ्या.

सरासरी आयुर्मानाचंही तेच. स्वातंत्र्याच्या सुमारास ते 32 वर्षं होतं, म्हणून लोक बत्तिशीत मरत होते असं नाही. पाळण्यातच गेलेल्या पोरांमुळे सरासरी खाली आली होती. पाचवं वर्ष ओलांडलेला माणूस पुष्कळदा नातवंडं बघून जायचा.

‘दर 2.1च्या खाली, म्हणजे उद्यापासून घट’

हा दर म्हणजे एकूण जननदर : एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी पोरं. एका पिढीची जागा पुढच्या पिढीनं भरायला तो साधारण 2.1 लागतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा 2.0 आला, महाराष्ट्राचा 1.7. तरी लोकसंख्या वाढतेच आहे, आणि यात पोरं दरवर्षी गोंधळतात. मी त्यांना पंचगंगा दाखवतो. राधानगरीकडे पाऊस थांबला तरी राजाराम बंधाऱ्यावर पाणी काही तास चढतच असतं, कारण वरचं पाणी वाटेत असतं. आधीच्या पिढीत जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला पोरं कमी झाली तरी आयाच जास्त आहेत.

स्थलांतर विसरणं

आयर्लंडची लोकसंख्या 1841ला सुमारे 82 लाख होती, 1851ला 65.5 लाख. बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख मेले हे सगळे लिहितात, पण तेवढ्यावर हिशोब जुळत नाही. बाकीचे जहाजात बसून गेले.

त्या करवीरच्या पोरानं अंगणवाडीची वही मिळवली. जन्म पुष्कळ वाढले, गाव ओस पडण्यापासून वाचलं. मग वयाचा तक्ता काढला, तर पंचवीस ते पस्तीसचा रकाना बारीक निघाला. आता तो पुण्याला गेलेल्यांची यादी करतोय. पहिलं नाव थोरल्या भावाचं लिहिलंय.