शनिवारच्या ट्रेकचा खाऊ मंगळवारपासून

आमचा बेत ठरलेला असतो. शनिवारी रात्री शेवटच्या लोकलपैकी एखादी पकडून कसारा, तिथून जीपने पायथ्याचं बारी गाव, आणि पहाटे तीनच्या सुमारास कळसूबाईला लागायचं. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. शनिवार-रविवारी वाटेत लिंबूसरबत आणि पिठलं-भाकरी मिळते खरी, पण पहाटे तीनला चूल पेटलेली असेलच असं नाही. म्हणून खाऊ घरचा, आणि त्याची तयारी मंगळवारपासून.

मंगळवारी आधी ग्रुपवर एकच प्रश्न टाका: शेंगदाणे कुणाला चालत नाहीत? हे आधीच विचारलेलं बरं, सगळ्या घाण्यात दाणे पडल्यावर विचारून उपयोग नाही. मग वाणसामान. खजूर-दाण्यांचे एनर्जी बार माणशी चार आणि वर एखादा जादा धरते. खाली दिलेल्या मापात पंधरा होतात, सहा जणांसाठी दुप्पट घ्या. बिनबियांचा मऊ खजूर २५० ग्रॅम, शेंगदाणे १२५, बदाम ५०, तीळ ५०, जवस २५, राजगिऱ्याच्या लाह्या दोन मुठी आणि चमचाभर साजूक तूप. खजूर दाबून बघून घ्या. बोटाखाली दबला पाहिजे. खोबऱ्याचा मोह मी पावसाळ्यात टाळते, ते सगळ्यांत आधी खवट होतं आणि बाकीच्यांनाही घेऊन बुडतं. गूळपापडीसाठी गूळ साधा, मऊ घ्या. दुकानदार 'चिक्कीचा देऊ का' विचारेल, नको म्हणा. चढावर धाप लागलेली असताना कडक चिक्की चावणं ही शिक्षा आहे.

गुरुवारी फक्त भाजणं. या सगळ्यातलं खरं काम हेच. दाणे मंद आचेवर, हात न थांबवता. सालावर काळे ठिपके आले की एक दाणा बाहेर काढून गार होऊ द्या आणि मग चावा. गरम दाणा नेहमी मऊच लागतो, त्यावरून अंदाज बांधू नका. गार दाण्याचा दातांखाली 'कट्' असा आवाज आला की झालं. तीळ फुलून उडायला लागले की लगेच उतरवा. जवस तडतडेपर्यंत भाजून जाडसर कुटा, अख्खा राहिला तर तसाच पोटातून निघून जातो. राजगिऱ्याच्या लाह्याही कढईत दोन मिनिटं फिरवून घ्या, पावसाळी हवेत त्या पिशवीतच सादळलेल्या असतात. आणि मग सगळं परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार. पूर्ण म्हणजे पूर्ण. गेल्या वर्षी मी घाई केली, कोमट बार डब्यात भरून झाकण लावलं. सकाळी झाकणाच्या आतून थेंब लोंबत होते आणि बारचा लगदा झालेला. सहा जणांनी तो चमच्याने खाल्ला, अजून ऐकवतात.

शुक्रवारी बार थापायचे. खजूर बारीक चिरून तुपावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, डावाने दाबत राहा, एकजीव गोळा होतो. पाण्याचा हबका अजिबात नको; पाणी गेलं की टिकाऊपणा गेला. गॅस बंद करून भरड कुटलेले दाणे-बदाम, तीळ, जवस, लाह्या आणि चिमूटभर मीठ घालून हाताने मळा. सात इंची चौकोनी ट्रेला बटर पेपर लावून वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा. सैल थापलं तर सॅकमध्ये चुरा होतो. दोन तासांनी धारदार सुरीने पंधरा तुकडे. एकेक साधारण पस्तीस ग्रॅमचा, दीडशे कॅलरीच्या आसपास.

त्याच दिवशी एक घाणा गूळपापडीचा. आपल्या आज्यांनी एनर्जी बार हा शब्द ऐकला नव्हता, पण वडी हीच होती. दोन वाट्या जाडसर कणीक पाऊण वाटी तुपात खमंग बदामी भाजा, गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मग वाटीभर चिरलेला गूळ, वेलदोडा घाला. गॅसवर असतानाच गूळ घातला तर तो शिजतो आणि वड्या दगड होतात. थापून कोमट असतानाच कापा.

आता तिखटाचं. गोडच गोड नेलं की तिसऱ्या बारला तोंड फिरतं, शिवाय घामातून मीठ जातं ते वेगळंच. भडंग मला जिवापाड आवडतो, पण जुलैच्या हवेत पिशवी उघडल्यावर तासाभरात चामट. त्यापेक्षा तिखट-मिठाच्या पुऱ्या, कडकडीत मोहन घालून घट्ट मळलेल्या, आणि खारे दाणे. चार आमसुलं व आलेपाकाच्या वड्या छोट्या डबीत.

शनिवारी दुपारी बांधाबांध. प्रत्येक बार बटर पेपरमध्ये टॉफीसारखा पीळ देऊन गुंडाळा. ओल्या, गार बोटांनी चिकटपट्टी सुटत नाही. प्रत्येकाचा वाटा वेगळा, एकाच्याच सॅकमध्ये सगळा खाऊ नको, तो माणूस हमखास मागे राहतो. दोन बार पँटच्या किंवा विंडचीटरच्या खिशात, कारण लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात गजाला लागतात आणि तिथे कुणी सॅक उघडत नाही. उरलेलं स्टीलच्या डब्यात. माकडांना प्लॅस्टिकची खुसखूस लांबून कळते. कागद परत आणायला एक रिकामी पिशवी.

आणि चार वड्या घरीच ठेवा, वरच्या फळीवर, मागे. रविवारी रात्री चिखलाचे बूट दाराबाहेर काढल्यावर कुणालाच कुकर लावायचा नसतो.