नदीतला ऑक्सिजन मोजायचा तर आधी बुडबुडा घालवा

मार्कंडेय, वेदगंगा किंवा दूधगंगेचं पाणी बिघडलंय का, हे टीडीएस पेन बुडवून कळत नाही. पेन दाखवतो क्षार. शहराचं सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी नदीत उतरलं की पहिला घाव बसतो तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. घाण कुजवणारे जिवाणू तो खाऊन टाकतात आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. म्हणून मोजायचा तो ऑक्सिजन, आणि त्यासाठी विंकलर पद्धत (रसायनं घालून ऑक्सिजन बाटलीतच बांधायचा आणि मग मोजायचा) आजही भरवशाची आहे. स्वस्तातला, कॅलिब्रेट न केलेला मीटर घेण्यापेक्षा काचेची बाटली बरी.

सामान असं: घासून बसवलेल्या काचेच्या बुचाच्या ३०० मिलीच्या बीओडी बाटल्या (बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप), मँगनीज सल्फेट, अल्कली-आयोडाइड-अझाइड, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, ०.०२५ नॉर्मल हायपो (सोडियम थायोसल्फेट), स्टार्च, ब्युरेट, पिपेट, थर्मामीटर. द्रावणं तयारच विकत घ्या. अझाइड विषारी आहे, त्याची पूड घरी तोलत बसू नका. हातमोजे आणि चष्मा लागतोच.

जागा निवडताना केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या खाली, पाणी कोसळतं तिथे, नमुना घेऊ नका. कोसळताना पाणी हवा ओढून घेतं आणि घाण नदीसुद्धा तिथे चांगली दिसते. बंधाऱ्याच्या वर, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यामुळे तुंबलेल्या पाण्यात घ्या. नाला मिळतो तिथे तीन नमुने लागतात: संगमाच्या वर, खुद्द नाल्यात आणि खाली. खालचा नमुना फार जवळ घेतला तर फसगत होते, कारण नाल्याचं पाणी बरंच अंतर एकाच काठाला धरून वाहतं. टीडीएस पेनचा खरा उपयोग इथे आहे. दोन्ही काठ आणि मध्य असं तीन ठिकाणी बुडवा. आकडे जुळले की पाणी मिसळलं असं समजा.

वेळ पहाटेची, सूर्योदयाच्या आधीची. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि आकडा फुगतो. रात्रभर तेच शेवाळ तो ओढत असतं. एकाच डोहात पहाटेचा नि दुपारचा आकडा फार वेगळा आला तर पाण्यात शेवाळाला भरपूर खत मिळतंय, हे ओळखा.

आता मुख्य काम. बहुतेकांचा आकडा इथेच बिघडतो, पुढे ब्युरेटवर कितीही काळजी घेतली तरी.

बादलीने पाणी काढून बाटलीत ओतायचं नाही. बादलीत पडतानाच पाण्यात हवा मिसळते, आणि पाणी जितकं घाण तितकी चूक मोठी. गुडघाभर पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, तळाचा गाळ ढवळलेला खाली वाहून जाऊ द्या. बाटली पृष्ठभागाखाली एक वीत धरा, तिरकी, म्हणजे पाणी खालच्या कडेने शिरेल आणि हवा वरच्या कडेने निघेल. घाई केली की पाणी गुडगुड करत शिरतं. ती गुडगुड म्हणजेच हवा मिसळणं. भरल्यावर बाटली उभी करा, बाहेरून बुचाने दोन-तीन टिचक्या मारा, काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे वर येतील. बूच पाण्याखालीच बसवा. मग बाटली बाहेर काढून उलटी करा आणि उजेडात बघा. एक जरी बुडबुडा फिरताना दिसला तरी पाणी ओतून टाका, पुन्हा भरा. ‘एवढ्याशाने काय होतं’ हा सल्ला ऐकू नका: १ मिली हवा आत राहिली आणि तिच्यातला ऑक्सिजन पुढच्या पायरीत शोषला गेला, तर आकडा लिटरला ०.८ ते ०.९ मिलिग्रॅमने वाढतो. नदी २ वर आलेली असताना ही चूक छोटी नाही.

ऑक्सिजन तिथेच, काठावरच बांधून टाकायचा. बाटली घरी नेऊन करू म्हणालात तर वाटेत जिवाणू आपलं काम करत राहतात. बूच काढा, पिपेटचं टोक पाण्याखाली बुडवून २ मिली मँगनीज सल्फेट सोडा, मग दुसऱ्या पिपेटने तसंच २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. पिपेट अदलाबदल झाली तर द्रावणाच्या बाटलीतच साका (गाळासारखा थर) धरतो आणि ती बाटली फुकट जाते. पिपेटला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. थोडं पाणी सांडेल, सांडू द्या. बुडबुडा न अडकवता बूच लावा आणि बाटली पंधरा-वीस वेळा उलटी-सुलटी करा.

साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. बेळगावचं सांडपाणी घेऊन शेतांतून जाणाऱ्या बळ्ळारी नाल्यासारख्या काळ्या, कुजक्या वासाच्या पाण्यात हे होऊ शकतं. तिथे शून्य लिहा आणि थांबा. साका अर्ध्या बाटलीपर्यंत खाली बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. हे दुसरं हलवणं टाळतात आणि आकडा कमी येतो. मग गळ्याच्या कडेने, मोकळ्या हवेत, २ मिली आम्ल. साका विरून पिवळसर-तपकिरी द्रावण झालं की बाटली अंधारात, थंड ठेवून त्याच दिवशी, सात-आठ तासांच्या आत घरी नेऊन मोजा.

घरचं काम सोपं. २०३ मिली घ्या (वरचे ३ मिली घातलेल्या द्रावणांची भरपाई), हायपोने फिकट गवती रंगापर्यंत आणा, तेव्हाच स्टार्च घाला, निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा. जितके मिली हायपो, तितके लिटरला मिलिग्रॅम ऑक्सिजन. हायपो जुना झाला की आकडा जास्त येतो, म्हणून दर आठवड्याला तपासा.

बेळगावच्या उंचीवर २५ अंशाला स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पहाटे ९ आला तर बुडबुडा राहिला असं समजा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या नदीला किमान ५ हवा आणि बीओडी ३ किंवा कमी. बीओडीसाठी त्याच वेळी दुसरी बाटली भरा, द्रावणं न घालता अंधारात २७ अंशाला ३ दिवस ठेवा; दोन आकड्यांतली घट म्हणजे बीओडी. नाल्याच्या पाण्याला मात्र हवा भरलेल्या विरलन-पाण्यात पातळ करावं लागतं, नाहीतर बाटलीतला ऑक्सिजन तीन दिवसांआधीच संपतो. ५ मिली नाल्याचं पाणी ३०० मिलीच्या बाटलीत घेतलं तर येणाऱ्या घटीला ६० ने गुणायचं.

हे आकडे तक्रारीला वजन देतात, पण १९७४ च्या जल कायद्यानुसार पुरावा म्हणून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच चालतो. अर्जात जागा, तारीख, वेळ, तापमान लिहा आणि त्याच जागी, त्याच वेळेला नमुना घ्या अशी मागणी करा. दुपारी बारा वाजता घेतलेला नमुना मान्य करू नका.

वापरलेली द्रावणं नदीत किंवा न्हाणीच्या मोरीत ओतू नका, अझाइड धातूच्या नळांत साचलं तर स्फोटक होतं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा आणि जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत द्या.