स्पॅनिश शब्दांची पहिली यादी घरातूनच काढा
पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिचे शब्द मराठीत केव्हाच मुरलेत. म्हणून सुरुवात तिथूनच करा. पाव म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘पान’, साबण म्हणजे ‘हाबोन’. चावीचं ‘यावे’ कसं झालं, हे तर फार सुंदर आहे: लॅटिन ‘क्लाविस’मधल्या ‘क्ल’चा जुन्या पोर्तुगीजमध्ये ‘च’ झाला, स्पॅनिशमध्ये बहुतेक ठिकाणी ‘य’. पगाराच्या मुळाशी असलेलं ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. बटाट्यापाशी मात्र जपून! स्पॅनिश ‘बाताता’ म्हणजे रताळं. बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’, लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणतात. आणि वहीत नुसतं नाम कधीच लिहू नका, ‘एल पान’, ‘एल हाबोन’, ‘ला यावे’ असंच लिहा; ‘एल’ म्हणजे पुल्लिंगी, ‘ला’ म्हणजे स्त्रीलिंगी. लिंग मागाहून पाठ करणं फार जड जातं.